फॉर्मवर मी 'नाही' लिहिलं

आमच्या मुलीला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी उन्मादात चढतं तर कधी नैराश्यात उतरतं असा आजार. ती आता अकरा वर्षांची आहे. तिचं खरं नाव इथे लिहीत नाही, मनू म्हणतो. मी वडोदऱ्याचाच. दांडिया बाजारात आमचा वाडा होता, तिथे वाढलो, आता मांजलपूरला फ्लॅटमध्ये राहतो. मकरपुरा जीआयडीसीत एका केमिकल प्लांटवर शिफ्ट इनचार्ज आहे. घरात बायको, मनू आणि माझी आई. हे लिहायला बसलो ते मुख्यतः एका शब्दामुळे. २०२२ च्या डिसेंबरात एका दवाखान्याच्या बाकावर बसून तो शब्द मी लिहिला होता.

त्या वर्षी दिवाळीनंतर मनूचं पोट दुखायला लागलं. तेव्हा ती आठ वर्षांची होती. खाली शाळेची व्हॅन हॉर्न वाजवायची आणि ही बूट घालता घालता तशीच बसून राहायची, एक बूट पायात, एक हातात. चकली तिच्या इतक्या आवडीची, पण डबा भरलेला तसाच. बायको वेणी घालायला बसली की मनू मान टाकून द्यायची, मानेत जोरच नसल्यासारखी. आधी बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. जंताचं औषध झालं. 'ड' जीवनसत्त्व कमी निघालं, त्याची पावडर झाली. मग एका रात्री अंथरुणात तिने मला विचारलं, "बाबा, मी नसते तर तुमचे फीचे पैसे वाचले असते ना?" मी तिला जवळ घेतलं आणि काहीतरी बोललो, काय ते आठवत नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली.

तिथे आत जाण्याआधी फॉर्म भरायला दिला. बाळंतपण कसं झालं, चालायला कधी लागली, कधी फिट आली होती का. बायको सांगत होती, मी लिहीत होतो. खाली प्रश्न होता : कुटुंबात कुणाला मानसिक आजार आहे किंवा होता का? बायकोने माझ्याकडे बघितलं. तिला थोडं माहीत होतं, सगळं नव्हतं. मी लिहिलं, 'नाही'.

माझे वडील रावपुऱ्यात एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहायचे. नाना म्हणजे एरवी अगदी कमी बोलणारा, वेळेवर घरी येणारा माणूस. मी दहा वर्षांचा असताना दसऱ्याच्या सुमाराला त्यांनी मंगळबाजारातून बावीस पितळी समया उधारीवर आणल्या आणि आळीत घरोघर वाटल्या. रात्र रात्र ते झोपत नव्हते. बोलायला लागले की थांबत नव्हते, आवाज बसला तरी बोलत होते. पुढे आईने मला त्या समया परत मागायला पाठवलं. एकेका दारात उभा राहून मी म्हणायचो, "आईने समई मागितली आहे." सतरा परत मिळाल्या. त्यानंतर नाना चार महिने खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून होते. मोठी माणसं आपसात हळू आवाजात 'करेलीबाग' म्हणायची. मनोरुग्णालय तिथे आहे, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. १९९८ साली ते हृदयविकाराने गेले. तोवर त्या दुखण्याला आमच्या घरात नाव नव्हतं. 'नानांची तब्येत' एवढंच म्हणायचे.

हे सगळं मला माहीत होतं. तरी हात 'नाही' लिहून मोकळा झाला. त्या क्षणी आठ वर्षांच्या मुलीच्या लग्नाचा विचार माझ्या डोक्यात आला होता, हे कबूल करतो. आईला काय वाटेल, हाही आला. आणि मला स्वतःलाच ते खरं व्हायला नको होतं.

डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं. ते बरोबरच होतं. फ्लुओक्सेटिन अगदी कमी मात्रेत सुरू झालं आणि पंधरा दिवसांत मनू हसायला लागली. आईने मारुतीला नारळ फोडला. जानेवारी लागला तसं मात्र ते हसू थांबेना. ती मोठ्या आवाजात भराभर बोलायची, एक वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरं. वर्गात उठून बाईंना 'तुम्हाला शिकवता येत नाही' म्हणाली. आम्हाला वाटलं, गेले दोन महिने दबलेली पोर आता भरून काढते आहे.

उत्तरायणाच्या, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीच्या, दोन रात्री आधी मी पाणी प्यायला उठलो. पहाटेचे तीन वाजले होते आणि स्वयंपाकघरात दिवा होता. मनू फरशीवर बसली होती. पातेल्यात कणकेची खळ शिजवलेली. गॅस तिने एकटीने पेटवला होता. अख्खा खराटा सोडून त्याचे हीर काढलेले. तिच्या सगळ्या वह्यांची पानं, गणिताची, पर्यावरणाची, चौकोनी कापून ठेवलेली, आणि भिंतीला टेकवून पतंगांची चळत. "एकशे चाळीस झाले बाबा. सकाळपर्यंत हजार होतील. ते विकून आपण लक्ष्मीविलास पॅलेस घेणार, आजीला खालची खोली, तिला जिने नकोत." तिच्या बोटांना हिराने चिरा पडल्या होत्या, खळ लागून त्या पांढऱ्या झाल्या होत्या, आणि तिला दुखत नव्हतं. डोळ्यांत झोपेचा मागमूस नव्हता. त्या डोळ्यांकडे बघून मला समया आठवल्या.

तरीही मी चौदा तारखेपर्यंत थांबलो. सण होता, दवाखाना बंद असेल असं स्वतःला सांगितलं. त्या दिवशी गच्चीवर सगळी सोसायटी जमली होती, 'काप्यो छे'ची आरोळी चालू होती, आणि मनू पाण्याच्या टाकीवर चढून तिथून कठड्यावर उतरत होती. समोरच्या गच्चीवरच्या बाईंनी किंचाळून दाखवलं म्हणून मला दिसली. मी तिला कमरेला धरून खाली ओढलं, तेव्हा ती मला चावली. तो वण अजून मनगटावर आहे.

सोळा तारखेला डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा आई म्हणाली, मी येते. डॉक्टरांनी फॉर्म काढून तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी बोलायच्या आत मागून आई म्हणाली, "हिच्या आजोबांना होतं. असंच." आणि पंचवीस वर्षं घरात न बोललेलं तिने दहा मिनिटांत सांगितलं, समयांसकट. डॉक्टर रागावले नाहीत. ते म्हणाले, "आधी कळलं असतं तर ही गोळी दिलीच नसती असं नाही. पण फार जपून दिली असती, आणि झोपेवर डोळा ठेवा असं तुम्हाला बजावलं असतं." घरात बायपोलरचा इतिहास असलेल्या मुलाला नैराश्याची गोळी दिली तर ते उलट्या बाजूला, उन्मादात, जाऊ शकतं. हे माहीत असलेला डॉक्टर समोर बसला होता आणि त्याला लागणारी माहिती माझ्याजवळ होती. आमच्या प्लांटवर आधीच्या शिफ्टने हँडओव्हरमध्ये लीकेज लिहिलं नाही, तर पुढच्या शिफ्टच्या माणसाच्या अंगावर येतं. हे मी नव्या पोरांना बावीस वर्षं शिकवतो आहे.

फ्लुओक्सेटिन बंद झालं, झोप आणि उन्माद आवरायला रिस्पेरिडोन सुरू झालं. बायपोलर हे नाव मात्र डॉक्टरांनी तेव्हा दिलं नाही. गोळीमुळे चढलेलं एकदा बघून लहान मुलाला आयुष्यभराचं नाव लावायचं नाही, म्हणाले. पूर्वी अमेरिकेत कायम चिडचिडणाऱ्या, संतापाचे झटके येणाऱ्या पुष्कळ मुलांना बायपोलर ठरवलं जात होतं. ते थांबावं म्हणून २०१३ साली त्यांच्या निदानाच्या ग्रंथात अशा मुलांसाठी वेगळं निदान घातलं गेलं. फरक कसा ओळखायचा, तर बायपोलरमध्ये पाळी पाळीने येतं. काही दिवस, काही आठवडे मूल वेगळंच असतं, मग पुन्हा आपलं असतं. मला हे तेव्हा टाळाटाळ वाटली. आता त्या थांबण्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. आम्ही मुंबईला जाऊन मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांचं दुसरं मतही घेतलं, त्यांनीही वाट बघा असंच सांगितलं.

वाट बघायची तर लिहून ठेवा, असं दोघांनीही सांगितलं. ते काम मला येत होतं. प्लांटवर दर तासाला तापमान, दाब, पातळी लॉगशीटवर चढवायची असते, तशी मी घरात वही आखली. झोपली किती वाजता, उठली किती वाजता, मधे उठली का, गोळ्या, खाणं, आणि मन उणे तीनपासून अधिक तीनपर्यंत. शेवटच्या रकान्यात त्या दिवशी काय झालं ते एका ओळीत. मी नाइटला असेन तेव्हा बायको लिहायची. आई चष्मा लावून 'उठली पावणेसहा, दूध प्याली' असं मोठ्या अक्षरात लिहायची. रिस्पेरिडोनने मनूला भूक फार लागायची, पाच महिन्यांत वजन चोवीसवरून एकतीस किलोवर गेलं. तेही वहीत आहे.

त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ती आमची नेहमीची मनू होती. डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी केली.

२०२३ ची नवरात्र १५ ऑक्टोबरला लागली. वडोदऱ्याची नवरात्र बाहेरच्यांना सांगून कळायची नाही. शाळा, ऑफिसं, दुकानं, सगळं त्या नऊ रात्रींभोवती फिरतं. मनू सोसायटीतल्या शेरी गरब्यात जाऊन साडेदहाला घरी यायची. वहीतल्या ओळी अशा आहेत : नऊ तास, साडेसात, सहा, चार, तीन. पाच रात्री झाल्यावर मी वही बघितली आणि थंड पडलो. जागरणाने दमलेलं मूल दुसऱ्या दिवशी पेंगतं, रडतं, किरकिर करतं. ही तीन तास झोपून पहाटे उठत होती आणि दिवसभर ताजीतवानी होती. झोप न येणं वेगळं आणि झोपेची गरजच न उरणं वेगळं. हे मी वहीतून शिकलो. यावेळी नैराश्याची गोळी नव्हती. दसरा झाला, कोजागरीही झाली, तरी तिचा चढ उतरला नाही. सोनं वाटायला निघाली ती बायकोच्या कानातले खरे डूल घेऊन.

तेव्हा डॉक्टरांनी नाव दिलं. आणि लिथियम सुचवलं.

लिथियम म्हणजे मला माहीत होतं ते बेअरिंगला लावायचं ग्रीस आणि मोबाइलची बॅटरी. साडेनऊ वर्षांच्या पोरीला ते द्यायचं म्हणताच बायको रडायला लागली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. १९४९ साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरने उन्मादावर ते वापरून दाखवलं, तेव्हापासून चालत आलेलं औषध आहे. अमेरिकेत सात वर्षांपुढच्या मुलांसाठी त्याला मान्यता आहे. पण गुण येणारी पातळी आणि बाधणारी पातळी यांत अंतर थोडं, म्हणून रक्त तपासत राहायचं. सुरू करण्याआधी थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणी झाली, ती आता ठरावीक महिन्यांनी होते. लिथियमची पातळी बघायला शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं असतं. रात्री साडेआठला गोळी, सकाळी साडेआठला रक्त, आणि ते दिल्याशिवाय सकाळची गोळी नाही. पहिल्यांदा लॅबमधल्या मुलाने सात वाजताच सुई काढली तेव्हा मी त्याला दीड तास थांबवून ठेवलं.

त्या चढानंतर उतार आला तो डिसेंबरात. घरातल्या सुऱ्या, गोळ्या, फिनेल, सगळं आम्ही आईच्या लोखंडी कपाटात कुलपात ठेवलं, किल्ली बायकोच्या गळ्यात. एका रात्री मनू झोपली होती आणि आम्हा दोघांना काही सुचत नव्हतं, तेव्हा मी १४४१६ वर फोन लावला. ती टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, चोवीस तास, पैसे पडत नाहीत. समोरचा माणूस गुजरातीत बोलत होता. त्याने घाई न करता ऐकून घेतलं, कपाटाला कुलूप घातलं ते बरोबर केलं म्हणाला, आणि सकाळी डॉक्टरांना काय काय सांगायचं ते माझ्याकडून लिहून घेतलं. ज्यांच्या घरी अशी रात्र येते त्यांच्यासाठी हा नंबर मुद्दाम देतो आहे.

शाळेचं थोडक्यात सांगतो. पहिल्या शाळेने दुसरी शाळा बघा म्हणून सांगितलं. दुसऱ्या शाळेच्या वर्गशिक्षिका बाईंना आम्ही सगळं सांगितलं. त्यांनी दोनच गोष्टी मान्य केल्या आणि त्या पुरल्या : पाण्याची बाटली बाकावर राहील, आणि लघवीला जायचं म्हटलं की लगेच सोडायचं. लिथियमने तहान फार लागते.

आमची मोठी चूक नंतरही एक झाली. २०२४ च्या मे महिन्यात मनूला ताप आला आणि जुलाब. जवळच्या डॉक्टरांनी तापाचं सिरप दिलं, त्यात पॅरासिटामॉलबरोबर आयब्युप्रोफेन होतं. लिथियम चालू आहे हे बायकोने सांगितलं होतं, पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, आणि बाटलीवरची अक्षरं आम्हीही वाचली नाहीत. बाहेर कडक उन्हाळा, पोटात पाणी ठरत नाही, त्यात रक्तातलं लिथियम चढवणारं ते आयब्युप्रोफेन. दुसऱ्या संध्याकाळी मनूने पाण्याचा पेला धरला तर पाणी सांडायला लागलं. हात थरथरत होता. उठून चालायला गेली तर झोकांड्या. मी सेकंड शिफ्टला होतो. बायकोने गोळी थांबवली, डॉक्टरांना फोन केला आणि रिक्षाने मुलीला घेऊन हॉस्पिटल गाठलं. पातळी १.६ निघाली. एरवी ती ०.७ च्या आसपास असते. रात्रभर सलाइन. तेव्हापासून फ्रिजवर कागद आहे : तापाला फक्त पॅरासिटामॉल, उलट्या-जुलाब झाले तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन, पाणी, मीठ नेहमीइतकं.

मिठाचं सांगायलाच हवं. जुलैमध्ये मनू शाळेतून आली ती नाचतच. सोसायटीतल्या तिच्या सगळ्या मैत्रिणी मोळाकत करणार होत्या. आषाढ शुद्ध एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत पाच दिवस गुजराती मुली हे गौरीचं, त्यांच्या गोरमाचं, व्रत करतात. कुंडीत गव्हाचे जवारे लावतात, नटूनथटून देवळात जातात, आणि पाचही दिवस अळणी खातात. शेवटच्या रात्री जागरण. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे. मीठ बंद आणि झोप बंद! अंगातलं मीठ कमी झालं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवायला बघतं, आणि त्याच्याबरोबर लिथियमही धरून ठेवतं. पातळी चढते.

'नाही' म्हणणं सोपं होतं. पण वर्षभरात आम्ही तिला किती नाही म्हटलं होतं, तेही वहीत होतं. मनू रडून रडून झोपली. सकाळी आईने तिला मांडीवर घेतलं. काय बोलायचं ते आम्ही ठरवलं नव्हतं. आई म्हणाली, "जवारे लाव. नवा परकर घाल. देवळात मी येते तुझ्याबरोबर. जेवण मात्र घरचं, मिठाचं."

मनू म्हणाली, "मग गोरमा रागावेल ना?"

"गोरमा आई आहे. कुणाच्या लेकीला काय सोसतं ते तिला कळतं. तुझे आजोबा असेच आजारी होते, त्यांना गोळ्या मिळाल्या नाहीत. मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही."

मनूला आजोबांचं हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तिने विचारलं, "त्यांनी पण पतंग केले?" आई म्हणाली, "समया वाटल्या." आणि सतरा समयांपैकी एक माळ्यावरून काढून तिला दाखवली.

जवारे चांगले वीतभर आले. शेवटच्या रात्री मैत्रिणी खाली जागरण करत होत्या, त्यांचे आवाज येत होते, आणि मनू साडेनऊला झोपली. वहीत त्या रात्रीची नोंद आहे : नऊ तास दहा मिनिटं. ती तिने स्वतः लिहिली, गुजराती आकड्यांत.

पुढच्या महिन्यात पुन्हा नवरात्र आहे. मनूची घागरा-चोळी शिवायला दिली आहे. बायकोने दर्जीबेनना कमरेत दोन इंच आत सोडायला सांगितलं. गरब्याला दोन रात्री, साडेनऊपर्यंत, असं आम्ही म्हटलं. मनू म्हणते तीन, आणि आठमच्या दिवशी दहा वाजेपर्यंत. डॉक्टरांना विचारून ठरवू म्हणालो. सोमवारी सकाळी साडेआठला रक्त द्यायचं आहे, तेव्हा विचारीन.